विष नंतर ठेवा, आधी भोकं बुजवा : आपल्या बिल्डिंगच्या कमिटीला आणि सगळ्या शेजाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कमिटी मेंबर्स, आणि बिल्डिंगमधले सगळेच, मालक असा की भाडेकरू,

नमस्कार मंडळी,

ग्रुपवरच लिहिणार होते, पण तिथे उंदराचा विषय निघाला की कोणीतरी हसणारा इमोजी टाकतं, कोणीतरी मांजर पाळा म्हणतं, मग पार्किंगचं भांडण सुरू होतं आणि मूळ मेसेज कुठल्या कुठे निघून जातो. म्हणून हे पत्र. लिफ्टशेजारी चिकटवतेय आणि प्रत्येकाच्या दाराखालून पण सरकवतेय. (कागद दाराखालून किती आरामात आत आला ते बघून ठेवा, त्या फटीवर पुढे येणारच आहे.)

विषय अर्थातच ती नोटीस. उंदरांचा त्रास वाढलाय, सगळ्यांनी आपापल्या घरात औषध ठेवावं, पॅसेजमध्ये आणि जिन्यात पेस्ट कंट्रोलवाले विषाचे केक ठेवतील, लहान मुलांना सांभाळावं. संपली नोटीस. डक्टबद्दल, म्हणजे सगळे पाइप जातात त्या उभ्या पोकळीबद्दल, एक अक्षर नाही, कचऱ्याच्या खोलीबद्दल नाही, खालच्या गटाराच्या चेंबरच्या फुटलेल्या झाकणाबद्दल नाही. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मला कमिटीवर राग काढायचा नाहीये, तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे काम करता ते दिसतं आम्हाला, पण या नोटिशीने उंदीर कमी होणार नाहीत आणि एखाद्या पोराच्या जिवावर मात्र बेतू शकतं, म्हणून गप्प बसवत नाहीये.

आधी आमच्या घरचं सांगते, कारण निम्म्या घरांत हेच झालं असणार आणि लाजेपायी कोणी बोलत नाहीये. उंदीर आला म्हणजे घर घाण असं काही नसतं हो. आमच्या सासूबाई रात्री ओटा कोरडा केल्याशिवाय झोपत नाहीत, तरी आलाच ना. तो आला सिंकखालून. तुम्ही पण आज सिंकखालचं कपाट उघडा, मोबाईलचा टॉर्च मारा आणि पाइप भिंतीत जिथे घुसतो तिथे नीट बघा. पाइप दोन बोटं जाडीचा आणि प्लंबरने फोडलेलं भोक चांगली मूठ जाईल एवढं, आणि वरून ती पांढरी प्लॅस्टिकची रिंग सरकवून दिली की झालं काम. रिंग मागे ओढली की आतून गार हवा लागते, ती डक्टची. आमच्या रिंगची खालची कड कुरतडून उडालेली होती आणि भोकाच्या काठाला काळपट तेलकट पट्टा, हातमोजा घालून बोट फिरवलं तर चक्क चिकट. हा पट्टा म्हणजे उंदराच्या अंगाचं तेल आणि मळ. उंदराची नजर अधू असते, तो मिशांनी भिंत चाचपत चालतो, आणि रोज त्याच वाटेने जातो, त्यामुळे अंग घासून घासून वाट अक्षरशः रंगते. असा पट्टा दिसला तर चुकून एकदा आला असेल बिचारा, असं समजू नका. त्याचं जाणं-येणं नेहमीचं आहे.

मग वॉशिंग मशीनमागे लेंड्या सापडल्या. लेंड्यांवरून पाहुणा कोण ते बऱ्यापैकी कळतं, म्हणून घाण वाटली तरी एकदा बघाच. अगदी बारीक, ३ ते ६ मिलिमीटरच्या असतील तर घरातली छोटी उंदरी. साधारण १२ मिलिमीटरच्या आणि टोकदार असतील तर काळा उंदीर, ज्याला रूफ रॅट म्हणतात, अंगापेक्षा शेपूट लांब, कान मोठे, चढण्यात पटाईत, हा माळ्यावर आणि फॉल्स सीलिंगमध्ये राहतो. आणि १८-२० मिलिमीटरच्या, बोथट टोकांच्या असतील तर तो मोठा तपकिरी उंदीर, गटारातला, जमिनीत बीळ करणारा, शेपूट अंगापेक्षा आखूड. आमच्याकडे टोकदार निघाल्या. तळमजल्यावरच्या वहिनींनी दाखवल्या त्या बोथट होत्या. म्हणजे आपल्याकडे बहुतेक दोन्ही जाती आहेत, वरून वेगळ्या आणि खालून वेगळ्या, आणि दोघांसाठी मधला रस्ता एकच, आपला डक्ट.

आता भोक केवढं पुरतं ते सांगते, कारण सगळ्यांना वाटतं एवढ्याशा फटीतून काय येणार. साधारण १२ मिलिमीटरच्या भोकातून उंदीर आत येऊ शकतो, म्हणजे अर्धा इंच. छोट्या उंदरीला तर ६ मिलिमीटर बास होतात, पेन्सिल आत जात असेल तर ती पण जाईल. आणि भोक लहान असेल तर तो मोठं करून घेतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला १० सेंटिमीटरच्या वर, त्यामुळे कुरतडून झिजवणं त्याला भागच आहे. त्या दातांवरचं एनॅमल लोखंडापेक्षा कठीण असतं (दात पिवळे-नारिंगी दिसतात ते त्यातल्या लोहामुळे). प्लॅस्टिक, लाकूड, वायरचं कव्हर, शिशाचा पाइप, मऊ ॲल्युमिनियम, सगळं चालतं त्याला. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी डक्टच्या बाजूला तो फुगणारा फोम मारून घेतलाय, दिसायला छान दिसतो, पण नुसता फोम त्याने सहज पोखरला, मागच्या बाजूने बघा, बोगदा झालाय आरपार. आतमध्ये तारेची जाळी किंवा स्टील वूल ठासून मग वरून सिमेंट किंवा सीलंट भरलं तर टिकतं. नुसता फोम किंवा कापडाचा बोळा म्हणजे आपल्याच मनाचं समाधान.

आता विषाकडे वळते. हे जरा लांबेल.

पेस्ट कंट्रोलवाले जे निळे-हिरवे केक ठेवतात ते बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं औषध असतं, पुड्यावर ब्रोमॅडिओलोन किंवा ब्रोडिफाकूम असं काहीतरी नाव असतं. यांचा मूळ पुरुष वॉरफरिन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, सडका चारा खाऊन गाईगुरं रक्तस्राव होऊन का मरतात याचा शोध घेता घेता ही औषधं सापडली, १९४८ मध्ये वॉरफरिन उंदरांसाठी बाजारात आलं आणि नंतर तेच माणसांना रक्त पातळ करायला द्यायला लागले. आपल्या बिल्डिंगमध्ये हार्टचे पेशंट असलेले दोन-तीन आजोबा आहेत, त्यांना हे नाव माहीत असेल. शरीरातल्या व्हिटॅमिन के चं काम बंद पडतं, रक्त गोठत नाही, आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. पण लगेच नाही. दोन-चार दिवस, कधी आठवडाभर लागतो. ते मुद्दामच तसं आहे, कारण उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो नवीन काही दिसलं की आधी किंचित चाखतो, आणि त्रास झाला की त्या चवीच्या वाटेला परत जात नाही. विष हळू चढलं की त्याला कशाने झालं ते कळत नाही.

आता याचा आपल्यासाठी अर्थ काय, तर विष खाल्लेला उंदीर पुढचे चार दिवस आपल्याच बिल्डिंगमध्ये फिरणार आणि त्याला जिथे सुरक्षित वाटेल तिथे जाऊन मरणार. म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर, डक्टच्या कोपऱ्यात, किचन ट्रॉलीच्या मागे. औषध खाल्लं की तहान लागून तो बाहेर जाऊन मरतो असं जे सांगतात ना, ते विसरा, तसं काही होत नाही. गेल्या वेळी पॅसेजमध्ये जो वास सुटला होता आणि आपण सगळे एकमेकांच्या चपलांच्या कपाटांकडे संशयाने बघत होतो, तो कशाचा होता ते आता लक्षात आलं असेल. शिवाय तोच अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला की विष त्यांच्याही पोटात. जे जनावर आपलं काम फुकटात करतंय त्यालाच मारायचं, असला हा व्यवहार.

आणि मुलांचं काय? नोटिशीत लिहिलंय सांभाळावे. अहो, रांगतं पोर पॅसेजमध्ये दार उघडं दिसलं की सुटतं, आणि केकचा रंग खाऊसारखाच दिसतो. पेस्ट कंट्रोलच्या लोकांनी केक उघड्यावर ठेवायचाच नसतो, त्यासाठी कुलूप लागणारे डबे मिळतात, ज्यात उंदीर जातो पण मुलाचा हात जात नाही, आणि ते डबे भिंतीला किंवा फरशीला पक्के बसवायचे असतात. मागच्या वेळी डबे नव्हते, केक जिन्याच्या कोपऱ्यात कागदावर ठेवले होते. हे मी स्वतः बघितलंय.

त्याहून भयंकर म्हणजे घरोघरी ठेवायला सांगितलेलं औषध. कोण काय आणेल सांगता येत नाही. झिंक फॉस्फाइडची काळी पावडर असते, ती पोटातल्या ॲसिडशी मिळून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस तयार करते आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट असते, त्यावर पण उतारा नाही, आणि ती जास्त फसवी आहे, कारण पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग दिवस-दोन दिवस माणूस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग लिव्हर निकामी व्हायला लागतं. म्हणून कोणाच्याही घरात असं काही पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करू नका, उलटी काढायला जाऊ नका, पुडा किंवा ट्यूब हातात घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा, मूल हसत-खेळत असलं तरी. रक्त न गोठू देणाऱ्या केकवर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण डॉक्टरला नेमकं काय खाल्लं ते कळलं तर. त्यामुळे पुडे फेकून देऊ नका आणि औषध दुसऱ्या बरणीत तर अजिबात काढून ठेवू नका.

बरं, समजा कोणाला काही झालं नाही आणि विषाने उंदीर भरपूर मेले. मग? बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या उंदरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की एखाद्या भागातले उंदीर मारले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर काही महिन्यांत संख्या परत होती तिथे येते. कारण किती उंदीर राहणार ते तिथे खायला आणि लपायला किती आहे यावर ठरतं. मारल्याने फक्त उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. मादीचे दिवस भरायला २१ ते २३ दिवस लागतात, एका वेळी सहा-आठ, कधी बारा पिल्लं, आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप व्हायला तयार. दर वर्षी पेस्ट कंट्रोलचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करून आपण चालू नळाखाली फरशी पुसत बसलोय. नळ कोण बंद करणार?

मला माहितीये, लगेच कोणीतरी म्हणणार, मग ते प्लगमध्ये लावायचं मशीन आणा, आवाजाने पळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की पुराव्याशिवाय असले दावे करू नका. तो आवाज भिंतीतून काय, साध्या सोफ्यातून पण पलीकडे जात नाही, आणि उंदरांना थोड्या दिवसांत त्याची सवय होते. आणि मांजरवाल्यांसाठी, न्यूयॉर्कमधल्या एका कचरा रिसायकलिंग केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून भटकी मांजरं आणि उंदीर यांच्यावर लक्ष ठेवलं, २०१८ मध्ये ते छापून आलं, तेवढ्या दिवसांत मांजरांनी उंदीर मारले फक्त दोन. मांजर असलं की उंदीर दिसेनासे होतात, कमी होतातच असं नाही. मोठ्या तपकिरी उंदराच्या नादी मांजर सहसा लागतच नाही. मांजर पाळायचंच असेल तर लाडाने पाळा, नोकरीवर ठेवू नका.

चिकट पॅडबद्दल पण बोलते, कारण ते आपल्याकडे सगळ्यात लाडके आहेत. उंदीर मारायला माझा विरोध नाही, पण तास न् तास चिकटून ओरडत, स्वतःचा पाय कुरतडत मरायला लावणं हे मला सहन होत नाही, आणि त्या भीतीत तो सतत लघवी करत असतो, म्हणजे रोगाची भीती वर आणखी. इंग्लंडमध्ये २०२४ पासून सामान्य लोकांना असे पॅड वापरायला बंदी आहे. शिवाय चिकटलेला जिवंत उंदीर पॅडसकट कचऱ्यात टाकून देतात, आणि कचरा उचलणाऱ्या बाईंचा हात त्यात जातो. हा विचार केलाय का कोणी?

मग करायचं काय, तर चाप. तो जुना, लाकडी पट्टीवर स्प्रिंगचा, शंभरहून जास्त वर्षं झाली त्याला, अजून त्याच्याइतकं सरळ काम कोणी करत नाही. नीट लावला तर क्षणात संपतं, आणि मेलेला उंदीर कुठे आहे ते कळतं. पण लोक एक चाप आणतात, खोलीच्या मधोमध ठेवतात आणि उंदीर हुशार आहे म्हणून सांगतात. उंदीर मधून चालतच नाही. चाप भिंतीला काटकोनात ठेवायचा, खाण्याची बाजू भिंतीकडे. एक नाही, जिथे पट्टे आणि लेंड्या दिसतात त्या वाटेवर एकदम बरेच लावायचे. आणि मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, आज ठेवलेल्या चापाकडे आज फिरकणारच नाही, म्हणून पहिले काही दिवस चाप न चढवता नुसतं खाणं लावून ठेवायचं, खाऊन जायला लागला की मग एका रात्री सगळे चढवायचे. खाणं चिमूटभरच, पीनट बटरसारखं चिकटणारं काहीतरी, मोठा तुकडा ठेवला तर तो अलगद उचलून नेतो. अर्थात घरात लहान मूल असेल तर चापसुद्धा बॉक्समध्ये किंवा ट्रॉलीच्या मागे, हात जाणार नाही अशा जागी. पिंजऱ्यात धरून लांब सोडून येणारे पण आहेत आपल्यात, भावना समजते, पण तो अनोळखी जागी बहुधा मरतो, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी सिंकखाली जातो.

लेंड्या साफ करताना कोरडा झाडू मारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे, खास करून ज्या बायका आपल्याकडे कामाला येतात त्यांना हे काम तसंच सांगू नका. वाळलेल्या लेंड्या-लघवीची धूळ श्वासात गेली तर हंटाव्हायरससारखे आजार होऊ शकतात, आणि लेप्टोस्पायरोसिस तर उंदराच्या लघवीतून, ओल्या जागेतून, हातापायाच्या साध्या खरचटलेल्या जखमेतून होतो. आधी खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिसळून लेंड्यांवर टाका, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला, पिशवी बांधून टाका. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड मिसळू नका, त्यातून विषारी गॅस निघतो.

हे झालं आपापल्या घरापुरतं. पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही, आमच्या सिंकखालचं भोक आम्ही जाळी आणि सिमेंट मारून बंद केलंय. तेव्हापासून आमच्याकडे शांतता आहे आणि शेजारच्या काकूंकडे खडखड सुरू झालीये. बघा म्हणजे. मी भोक बुजवलं आणि उंदीर काकूंना दिला. एका घराने करून हे होणारच नाही.

कॅनडात अल्बर्टा म्हणून एक अख्खा प्रांत आहे, तिथे तपकिरी उंदीर १९५० मध्ये पूर्वेच्या सीमेवर पहिल्यांदा सापडले आणि तिथल्या सरकारने ठरवलं की इथेच अडवायचे. सीमेलगत ६०० किलोमीटर लांब, २९ किलोमीटर रुंद पट्टा आखला, तिथली शेतं आणि गोठे तपासायला माणसं नेमली, आणि आपल्या जागेत उंदीर होऊ न देणं ही प्रत्येकाची कायद्याने जबाबदारी. पाळीव उंदीर ठेवायला सुद्धा बंदी. विष त्यांनीही वापरलं, भरपूर वापरलं, पण माझ्या घरात नाहीये तर मला काय, हे म्हणायची सोय कोणाला ठेवली नाही. म्हणून आजही तो प्रांत स्वतःला उंदीरमुक्त म्हणवतो, अधूनमधून ट्रकमधून एखादा येतो तो लगेच टिपतात. आपल्याला तर एका बिल्डिंगचंच बघायचंय.

तर कमिटी, तुमच्याकडे मागणं हे. पेस्ट कंट्रोलला बोलावण्याआधी गवंडी बोलवा. डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर पाइप जिथे जिथे घरात शिरतो तिथे जाळी ठासून सिमेंट, आतल्या बाजूने आणि डक्टच्या बाजूने पण, कारण घरातून केलं आणि तिकडून राहिलं की तो मध्ये पोकळीत संसार थाटतो. उभ्या पाइपांवर पत्र्याचे गोल अडसर बसवता येतात, चढताच येत नाही त्यावरून. गच्चीवरच्या व्हेंट पाइपांच्या तोंडाला गंजणार नाही अशी ६ मिलिमीटरची जाळी. खालच्या चेंबरचं फुटलेलं झाकण, जे गेले कित्येक महिने फरशीचा तुकडा ठेवून चालवलंय, ते बदला. तळमजल्याच्या दोन घरांत उंदीर चक्क कमोडमधून वर आला होता, लोक हसले त्यांना, पण तपकिरी उंदीर उत्तम पोहतो, श्वास रोखून पाइपातला पाण्याचा वळसा पार करतो, त्यात अशक्य काही नाही. त्यांच्या लाइनला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, ड्रेनेजचं काम करणाऱ्याला विचारा, आणि हा खर्च त्या दोन घरांच्या गळ्यात मारू नका, गटार सगळ्यांचं आहे. मागच्या झाडाची फांदी गच्चीला टेकलीये, ती रीतसर परवानगी काढून छाटा. आणि मेन गेटच्या, मीटर रूमच्या, कचऱ्याच्या खोलीच्या दाराखाली पत्र्याची पट्टी मारा, रबराची नको, ती कुरतडतो. मीटर रूम सगळ्यात आधी, वायरी कुरतडून शॉर्टसर्किट झालं तर उंदीर राहिले बाजूला, आपणच राहणार नाही.

आणि शेजाऱ्यांनो, आपल्याला पण सुटका नाही. डक्टमध्ये खिडकीतून कचरा कोण टाकतं ते मला माहीत नाही, पण गवंडी आत उतरला की काय काय निघेल त्याचे फोटो ग्रुपवर येतील एवढं नक्की. कचरा रात्री दाराबाहेर पिशवीत ठेवू नका, उंदरांचा दिवस तेव्हाच सुरू होतो, सकाळी गाडी यायच्या आधी झाकणाच्या डब्यात ठेवा. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये याच कारणासाठी कचऱ्याच्या पिशव्या बाहेर ठेवायची वेळ संध्याकाळी चारवरून आठवर नेली, म्हणजे बुफे उशिरा उघडावा. पक्ष्यांना दाणे टाकणारे आजोबा, राग येऊ देऊ नका, पण दाणे पडून राहतात ते पक्षी खात नाहीत, रात्री उंदीर खातात. सकाळी थोडेच टाका आणि उरलेले झाडून घ्या, पक्षीही जगतील. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके हलवा, वर्षभर न हललेला खोका म्हणजे त्याचं बाळंतपणाचं घर. भाडेकरूंनो, भोक दिसलं तर मालकाला फोटो पाठवा, मालकांनो, त्याला स्वतःच बघून घ्या असं उत्तर देऊ नका.

एवढं सगळं झाल्यावर पण आत अडकलेले काही उरतील, त्यांच्यासाठी चाप, आणि अगदीच आवाक्याबाहेर गेलं तर विष, पण ते तेव्हा, आणि माझ्या अटींवर: कुलूपबंद डबे, कुठे कुठे ठेवलेत त्याचा नकाशा नोटीस बोर्डवर, औषधाचं नाव आणि उतारा मोठ्या अक्षरात लिहिलेला, आणि काम झाल्यावर उरलेले केक मोजून परत नेलेले. पेस्ट कंट्रोलवाला याला नाही म्हणाला तर दुसरा बघा, चांगला असेल तो स्वतःहूनच हे सांगेल. आणि घरोघरी औषध ठेवा ही ओळ नोटिशीतून आजच काढा, मीटिंगची वाट बघू नका.

रविवारच्या मीटिंगला हा विषय पहिला घ्या, पार्किंगच्या नंतर नको, पार्किंगच्या नंतर कोणी थांबत नाही. डक्टच्या कामाला कोटेशन आणायची जबाबदारी मी घेते, प्रत्येक घरातल्या पाइपांची भोकं बघून यादी करायला दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजची पोरं तयार आहेत, त्यांना दार उघडा आणि सिंकखालचा पसारा आधी काढून ठेवा म्हणजे झालं. फक्त डक्टच्या लोखंडी दाराला जे कुलूप आहे त्याची चावी नेमकी कोणाकडे आहे ते सेक्रेटरी साहेबांनी कळवावं, वॉचमन म्हणतो तुमच्याकडे आहे आणि तुम्ही म्हणालात आधीच्या सेक्रेटरींकडे आहे, आणि ते तर घर विकून गेले. चावी नाही मिळाली तर कुलूप तोडायला कमिटीची लेखी परवानगी मला शनिवारपर्यंत द्या.

तुमची शेजारीण,
पाचव्या मजल्यावरून